पडद्याआडचा गाल

"सर, ह्याच्या काचंला थुंकी लागल्याली हाय. मी न्हाई हात लावनार."

माझ्या शेजारचा सुभाष, तालमीतला गडी, असं म्हणाला आणि त्यानं हात मागं घेतला. माझी स्लाइड माझ्याच बोटांत राहिली. निळा थेंब आणि त्यावर पातळ काच.

शिरूरच्या कॉलेजातली प्रयोगशाळा. बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. लाकडी काडीनं आपल्याच गालाच्या आतून खरवडायचं, ते काचेवर पसरायचं, निळा रंग घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या. मग आपली काच शेजाऱ्याला द्यायची, त्याची आपण घ्यायची, दोन्हींच्या आकृत्या काढायच्या. अशी पद्धत होती. म्हणजे थुंकी सगळ्यांच्याच काचांना होती. थुंकीशिवाय तो प्रयोगच होत नाही. सगळ्यांच्या काचा ह्या हातातून त्या हातात फिरल्या. थुंकी ठरली ती फक्त माझी.

सर आले. मला वाटलं, आता सुभाषला झापतील. सर माझ्या खांद्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "तुझी तुझ्यापाशीच ठेव. उगाच वाद नको. तू एकच आकृती काढ, मी मार्क देईन."

मायेनं म्हणाले. ती माया अजून खुपते. शिवी दिली असती तर शिवीनं उत्तर देता आलं असतं. मायेला काय उत्तर द्यायचं? मी "हो सर" म्हणालो.

पुढं सरांनी डीएनए शिकवला. अभ्यासक्रमात तो भाग नवाच आला होता. सर तयारी करून आले होते. खोटं कशाला बोलू, शिकवलं झकास. पिळलेली शिडी काढली. चार अक्षरं. ए समोर टी, जी समोर सी. मूळ प्रत पेशीच्या केंद्रकात कुलूपबंद, ती बाहेर येत नाही. तिची नक्कल बाहेर पडते, ती आरएनए. रायबोसोमवर ती नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते आणि अमिनो आम्लांचे मणी ओवत ओवत प्रथिनाची माळ होते. मी डोळे फाडून ऐकत होतो. अंगावर काटा आला होता.

मग सरांनी हातावरचा खडू झटकला आणि आमच्या मागच्या बाकाकडं बघितलं. "थोडक्यात काय, वाडवडिलांनी लिहून ठेवलंय तेच बाहेर पडणार. खाण तशी माती. कायदे करून माणूस बदलत नसतो."

वर्ग हसला. कुणीतरी ओरडलं, "आन् प्रथिनं म्हंजी काय रं? सुकडी!"

दुष्काळी कामावर मजुरांना सुकडी मिळायची, पिठाचा प्रथिनयुक्त कोरडा खाऊ. माझी आई दौंडकडच्या रस्त्यावर खडी फोडायला होती, हे सगळ्यांना ठाऊक. त्या दिवसापासून माझं नाव सुकडी पडलं.

इथवरचं मी मित्रांना सांगितलेलं आहे. चळवळीत सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं. पुढचं कुणालाच सांगितलं नाही. आई गेली, तिलाही नाही. आता पन्नाशी गाठली, आता तरी लिहितो.

सरांचं मला पटलं होतं.

आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. मी रोज त्याच्यापुढं उभा राहायचो. तरी पटलं. कारण हे पोथी वाचणाऱ्या कुणा म्हाताऱ्यानं सांगितलं नव्हतं. विज्ञानानं सांगितलं होतं, फळ्यावर आकृती काढून. पोथीला नाही म्हणायला शिकलो होतो. सूक्ष्मदर्शकाला कसं नाही म्हणायचं?

रविवारी दौंडला गेलो. वडील लहानपणीच गेलेले. आई आणि मी मामाकडं राहायचो; कॉलेजपुरता मी शिरूरच्या वसतिगृहात होतो. मामा रेल्वेच्या लोको शेडमध्ये, इंजिनांच्या दुरुस्तीवर. आईनं भाकरी वाढली. मी तिच्या हातांकडं बघितलं. भेगा पडलेले, नखात काळं. आणि मनात आलं, हिच्याकडूनच आलंय सगळं. हिनंच दिलंय.

आई म्हणाली, "का रं, गिळना व्हय तुला? काय झालं?"

मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं."

ती तव्याकडं तोंड करून बसली. मी तसाच उठून एस.टी. धरली.

मग मी कॉलेजच्या वाचनालयात जीवशास्त्राचं पुस्तक धरून बसलो. इंग्रजी जड जायचं. एकेक ओळ बोट ठेवून वाचत होतो. मी त्यात माझी जात शोधत होतो. खरंच शोधत होतो, भीत भीत. कुठल्या पानावर निघतेय म्हणून. शिडीत नव्हती. चार अक्षरांत नव्हती. तीच चार अक्षरं कांद्यात, ज्वारीत, बैलात, सुभाषमध्ये आणि सरांत. पुढं एक साधी ओळ होती, सरांनी वगळलेली. ते मणी, अमिनो आम्लं, मिळतात अन्नातून.

मी पुस्तक मिटलं. दुष्काळात आई स्वतःची सुकडी पदरात बांधून आणायची. म्हणायची, "मी कामावरच खाल्लं." ती मी खाल्ली होती. त्यातनं माझं मांस झालं होतं. आणि मी तिला म्हणालो होतो, तुला काय कळतंय.

तरी मी लगेच काही केलं नाही. भेकड होतो. दौंडच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, आमच्या कॉलेजचं टेबल लागणार होतं. सर म्हणाले, "तुझी स्लाइड स्वच्छ येते. सुभाषच्या स्लाइडमध्ये नुसते बुडबुडे. आपण तुझीच लावू. समजावून सुभाष सांगेल. कुणाची ते सांगायचं नाही."

लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला.

ओली स्लाइड टिकत नाही, वाळते. म्हणून टेबलामागं चादरीचा पडदा बांधला आणि त्यामागं मला बसवलं. एक वाळली की दुसरी करायची, पडद्याखालून सरकवायची. काडी घ्यायची, गाल खरवडायचा. पुन्हा काडी, पुन्हा गाल. दुपारपर्यंत गाल आतून सोलला. तोंडात रक्ताची चव आली. पुढं सुभाष सांगत होता, "ही माझ्याच गालातली पेशी हाय बघा." लोक डोळा लावत होते. "वा, पैलवानाची पेशी!" असं कोण तरी म्हणालं. गावचे पाटील, हेडमास्तर, सगळे माझ्या थुंकीवर डोळा लावून वाकत होते.

आईला मी येऊ नको म्हणून सांगितलं होतं. ती आली. तिचा आवाज मी पडद्यामागून ओळखला.

सुभाष म्हणाला, "ए मावशे, तू लांबनंच बघ. शिवू नगं."

आई म्हणाली, "लांबनं कसं दिसंल रं लेकरा? लांबनं दिसाया ती काय आगगाडी हाय?"

लोक हसले. आईही हसली असावी. मग सुभाष म्हणाला, "मग बघू नगं. सरक तिकडं."

माझ्या हातात नवी काच होती. मी पडदा ओढला. दोरीसकट खाली आला.

मी म्हणालो, "ती माझी आई हाय. पेशी माझी हाय. सकाळपासनं तुम्ही सगळ्यांनी माझीच बघितली."

हेडमास्तरांनी रुमाल काढून डोळा पुसला. रडले नव्हते. डोळा पुसला.

सर दातांतून म्हणाले, "तोंड सांभाळ. वर्षाचा प्रश्न आहे तुझ्या."

मी सुभाषला बाजूला केलं. काच लावली. आईला म्हणालो, "वाक. एक डोळा मीट."

ती वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग म्हणाली, "निळं निळं दिसतंय. मधी ठिपका हाय."

"त्या ठिपक्यात अर्धं तुझं हाय," मी म्हणालो.

तिला ते कळलं का, मला माहीत नाही. तिची माफी तेव्हाच मागायची होती. मागितली नाही. नंतरही नाही. आता कुणाकडं मागू?

प्रॅक्टिकलला मी नापास झालो. वर्ष गेलं. मामा म्हणाला, "बास झालं. शेडमधी खलाशाचं, हाताखालच्या गड्याचं काम बघतो तुला. सायबाला सांगतो." मामाचं चुकत नव्हतं. घरात खाणारी तोंडं होती.

मी म्हणालो, "मामा, शेडमधी कवापन जाता येईल. सरांचा वर्ग जूनमधी उघडतो."

जूनमध्ये मी शिरूरला गेलो. पुन्हा तेच वर्ष, तेच सर. मागच्या बाकावर आमची पोरं सरकून जागा करत होती. मी त्यांना म्हणालो, उठा. चला पुढं. आम्ही सगळे पहिल्या रांगेत जाऊन बसलो. सर आत आले, बघितलं, हजेरीपट उघडला, मिटला.

मी उठलो नाही. ह्या बाकावरून आता मला उठवायचं असेल, तर हाताला धरून उठवावं लागेल. शिवावं लागेल.