सासूबाईंनी वेळायला लावलेला पास्ता

तमाम आप्तेष्टांना, शेजाऱ्यांना आणि जिन्यातल्या मांजराला जाहीर कळवण्यात येते की, आमच्या घरी यापुढे पास्ता कुकरात लावला जाणार नाही. निर्णय अंतिम असून त्यावर अपील चालणार नाही. ज्यांनी आजवर तो आमच्याकडे खाल्ला आणि तरीही येणंजाणं चालू ठेवलं, त्यांचे आम्ही ऋणी आहोत.

मी मूळचा सोलापूरचा. बँकेच्या बदलीने चेन्नईतल्या एग्मोरला आलो आणि इथल्याच एका तंजावर मराठी घराचा जावई होऊन बसलो. माझा कुकरवर देवापेक्षा जास्त विश्वास. डाळ असो, बटाटे असोत, पाणी घाला, शिट्ट्या मोजा, विषय संपला. वाळलेल्या नळ्यांचं पाकीट पहिल्यांदा घरात आलं तेव्हाही मी तेच केलं. दुप्पट पाणी, चमचाभर तेल, तीन शिट्ट्या. झाकण उघडल्यावर आत जे काही असे, ते सुरीने कापून वाढावं लागे. त्याआधी मी ते नळाखाली धूतही असे. बायको शाळेत शिकवते, म्हणजे सहनशक्ती तिच्या पेशातच आहे. ती वरून भरपूर चीज किसून गिळायची. सासूबाई ताटाकडे एकदा बघत आणि आपला रसमभात कालवायला घेत.

सासूबाई आमच्याजवळच राहतात. बायको त्यांना अम्मा म्हणते, म्हणून मीही. अम्मा जेवत नसत, परीक्षण करत. चिंच जुनी आहे, हिंग कुठे गेला, ही भेंडी कुणी चिरली. असं रोज, दोन्ही वेळा.

यंदा त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. काहीही पुढे ठेवा, त्या दोन घास खात, "पोदुम" म्हणत, म्हणजे पुरे, आणि ताट सरकवत. तक्रार नाही, टोमणा नाही. आम्ही दोघं घाबरलो ते त्यामुळे. साडी अंगावर राहीना इतक्या त्या वाळल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी वजन उतरलं तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल. अम्मा नाही म्हणाल्या. आवडी नावाच्या इथल्या उपनगरातल्या क्वार्टरमधून सासऱ्यांना असंच सलाईनसाठी नेलं होतं आणि ते परत आले नव्हते.

त्या रविवारी बायको परीक्षेच्या कामाला शाळेत गेली होती. मी अम्मांना मऊ पेज दिली, ती त्यांनी नेहमीसारखी सरकवली. मग स्वतःसाठी मी कुकर काढला. अम्मा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"माप्पिळ्ळे," त्या म्हणाल्या. जावयाला त्या अशीच तमिळ हाक मारतात. "ते कुकरात कशाला?"

"शिजायला, अम्मा."

"वाळवलेलं पीठच ना ते? शेवयांना शिट्ट्या देता तुम्ही सोलापुरात?"

इतक्या दिवसांतलं हे त्यांचं पहिलं मोठं वाक्य. मी कुकर ताबडतोब खाली ठेवला.

"मोठं पातेलं घ्या. भात वेळायचं."

भात वेळायचं पातेलं माळ्यावर होतं. अम्मांनी आयुष्यभर भात भरपूर पाण्यात शिजवून पेज ओतून काढली, म्हणजेच वेळला. कुकर आमच्यामुळे त्यांच्या नशिबी आला. त्यांनी पातेल्याच्या गळ्याशी येईतो पाणी भरायला लावलं. खळखळून उकळी येईपर्यंत पाकिटाला हात लावू दिला नाही. मी तेलाची बाटली उचलली तर म्हणाल्या, "पाण्यात तेल कुणासाठी? ठेवा." मीठ मूठभर घातलं. मग पळीभर पाणी मला काढायला लावलं.

"चाखा. रसमाइतकं खारट पाहिजे. मला कळत नाही, तुम्हीच सांगा."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी पाणी चाखण्यात बराच वेळ घालवला.

नळ्या पडल्या. "ढवळा. आता नाही ढवळलं तर तळाला धरतील. झाकण नको." मी ढवळत राहिलो. चष्म्यावर वाफ, कपाळावर घाम, चेन्नईतलं स्वयंपाकघर आणि त्यात मी, जणू यज्ञाला बसलेला. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला. मी एक नळी फुंकून तळहातावर ठेवली. त्यांनी ती पुढच्या दातांनी तोडली.

"आत कणी आहे. थांबा."

दुसरी नळी. तिसरी. चव नसली तरी दातांना कळत होतं आणि दातांना काम मिळून किती दिवस झाले होते. आम्ही आपले मऊ, पातळ, पचायला हलकं असं भरवत सुटलो होतो.

"आता. कणी नावापुरती आहे तोवर काढा. बाकीची कालवणात शिजेल. आणि पेज सगळी ओतू नका, वाटीभर ठेवा."

मी भोकांचं झाकण लावून पातेलं कलतं केलं. शेजारच्या शेगडीवर कढईत मघापासून तेल, लसूण, टोमॅटो. तिकडे कोण बघतो? नळ्या तशाच, न धुता, कढईत गेल्या, वर वाटीतली पेज, आणि मोठ्या आचेवर दोनदा परतल्यावर तो रस प्रत्येक नळीला असा चिकटला की मी माझ्याच कढईकडे पाहुण्यासारखा बघत राहिलो. एकही नळी दुसरीला धरून नव्हती.

"थोडं द्या," अम्मा म्हणाल्या.

थोडं दिलं. मग आणखी थोडं. मी ओट्याला टेकून उभा, त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बघत. एवढ्यात बायको आली. आईच्या हातात ताटली आणि ती निम्मी रिकामी, हे पाहून ती पर्स खांद्यावरच ठेवून दारात थांबली.

अम्मा चावता चावता मध्येच थबकल्या. कपाळाला आठी पडली. जीभ टाळ्याला लावून त्यांनी एकदा, दोनदा बघितलं, आणि ताटली लेकीसमोर धरून म्हणाल्या,

"कडू लागतंय ग. लसूण करपवलाय तुझ्या नवऱ्यानं."