भिंतीवरचा सातवा हात

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं, हे जरा जास्तच होतंय — माफ करा. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आणि ही गोष्ट तर मी कुणालाच सांगितलेली नाही. रूममेटलाही नाही.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी आमच्या वरवट बकालच्या बसथांब्यावर आम्ही बोलकी भिंत केली. गावातल्या अकरा बायांच्या हातांचे रंगीत ठसे, प्रत्येक ठशामागे तार, वर स्पीकर. ठशावर हात ठेवला की त्या बाईचा आवाज येतो — गावात काय बदलायला हवं ते सांगणारा. फार मजा आली! भिंतीपेक्षा आमच्याच अंगावर रंग जास्त.

सातवा हात आईचा. ती बिनधास्त बोलली होती, "मले इथं बायांसाठी संडास पाह्यजे. काऊन? घंटा घंटा येष्टीची वाट पाह्यतो, अन् भेवानं पानीच नाही पेत."

अकरा जणींत सगळ्यात चांगलं तेच होतं. मग मी काय केलं? — प्रकल्पांना नंबर द्यायला पुण्याहून पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर आईचं 'मले', 'काऊन'... बाकी दहा जणींची बोली मला चालली, बघा. आपल्याच आईची तेवढी खुपली. आदल्या दिवशी मी तो आवाज पुसला आणि वर्गातल्या एका मुलीकडून वाचून घेतलं, "महिलांसाठी स्वच्छतागृह ही काळाची गरज आहे."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या आधी आईनं ठशावर हात ठेवला, ऐकलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मशीन बिघडली, तुझा आवाज गेला.

"जाऊ दे ना बाप्पा," ती हसली. "मशीनच ते."

एवढ्यावर तरी थांबायचं! पाहुण्यांनी विचारलं, हा हात कोणाचा? आई चार पावलांवर उभी होती. मी म्हणालो — "गावातल्या एका बाईंचा." तिनं ऐकलं असेल? मी कधी विचारलं नाही. आम्हाला पहिला नंबर मिळाला.

काल गणेशचा फोन आला. माझा मित्र, थांब्यासमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. "काय बे साहेब! काकू चार बाया घेऊन दुकानात आल्या ना! सातव्या हाताचा आवाज बदलून घेतला. आयक." त्यानं फोन भिंतीजवळ धरला.

तोच संडास, तेच पानी. आणि शेवटी, ठसक्यात —

"हे माह्या पोरानं पह्यलेच भरलं होतं. मशीन बिघडली होती. पोराची काई चूक नाही."