सरकीवर बसलेली तांबडी
सरकीचा तेलकट वास आला की मला धरणगावचं आमचं पहिलं खुराडं आठवतं. त्या वर्षी आम्ही नव्यानेच कोंबड्या पाळल्या होत्या. आईने कपाशीच्या काड्यांवर शेणमाती लिंपून खुराडं उभं केलं आणि कोंबड्या आता इथेच अंडी घालणार, असं ठासून सांगितलं. पण आमची तांबडी घरामागच्या जैन शेठजींच्या गोदामात, सरकीच्या ढिगावर गुपचूप अंडी घालत राहिली आणि एक दिवस तिथेच उबवायला बसली. शेठजी स्वतः सांगायला आले, तेव्हा आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हाकली द्या तिले, शेठजी," ती म्हणाली. "अक्का, आता अंड्यांत जीव आहे," शेठजी म्हणाले, "मी तिला उठवणार नाही, आणि कोणाला उठवूही देणार नाही." पिलं निघेपर्यंत त्यांनी त्या ढिगातली मूठभरही सरकी विकली नाही. आईने नऊ पिलं पदरात घालून घरी आणली. पुढे पाहुणे आले की ती रश्शासाठी बाजारातून कोंबडी आणायला सांगायची, आणि ही नऊ तिच्याच पायांत घुटमळत असायची. तिने कारण कधी सांगितलं नाही, आणि मला ते अजूनही विचारावं लागलेलं नाही.