मुकादमानं घेतलेली परीक्षा

पुस्तकबांधणीच्या कारखान्यातला मुकादम स्वतःला बारा गावचं पाणी प्यायलेला समजे. शिवणीच्या टेबलावर आलेली नवी बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला अजिबात ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून बोला," तेव्हा तो गालातल्या गालात हसला. तिचं बोलणं घडाघडा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बाराव्या वर्षी तापात कान गेले, तोवर बोलणं पक्कं झालं होतं, हे तिनं सांगितलंही. पण कान शाबूत असून मुकादमानं ते ऐकलं नाही.

"बहिरी माणसं अशी बोलतात होय?" तो सगळ्यांना सांगत सुटला. "माझ्या आत्याचा दीर बहिरा होता, त्याचं बोलणं घरच्यांनाही कळायचं नाही." समोरून विचारलं की ओठ बघून ती चटकन उत्तर द्यायची. झालं! हातच्या काकणाला आरसा कशाला?

दया दाखवून काम मिळावं म्हणून बाईनं बहिरेपणाचं सोंग घेतलंय, असे त्यानं मालकाचे कान भरले. मालक म्हणाले, "खोटं बोलून कामाला लागली असेल तर उद्यापासून घरी. पण मला दाखवा."

दुसऱ्या दिवशी मालक दारात उभे राहिले. ती खाली मान घालून पानांचे गठ्ठे शिवत होती. मुकादम तिच्या पाठीमागे गेला. नुसत्या हाकेला ही बधायची नाही, काहीतरी झोंबणारं हवं, असा त्याचा हिशेब. तो खणखणीत आवाजात म्हणाला, "नवऱ्यानं टाकली ती काय उगीच? असली लबाड बाई कोण नांदवील!"

टेबलावरच्या सगळ्या सुया थांबल्या. तिची तेवढी चालूच राहिली. आत गेली, बाहेर आली, दोरा ओढला गेला.

मालक पाठ फिरवून निघून गेले.

मग तिनं मान वर केली. समोर शिवत बसलेल्या मावशींच्या डोळ्यांत पाणी बघून ती वळली, तर मागे मुकादम.

"अगंबाई, तुम्ही काही म्हणालात का? माफ करा हं, माझं लक्ष नव्हतं. काय म्हणालात?"

मुकादम घाईघाईनं म्हणाला, "काही नाही... शिवण छान येते तुमची, असं म्हटलं."

तिचा चेहरा उजळला. "खरंच? इथे आल्यापासून पहिल्यांदाच कुणी असं म्हणालं हो!"

मुकादमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायला त्याची जीभ रेटली नाही.