झाकण न उघडता

मंजू, हा व्हॉइस मेसेज पाठवतेय, कान इकडे कर. दिवाळीपासून मावशीला तोंड दाखवलं नाहीस, शोभतं का हे?

आज सूनबाईच्या पार्टीसाठी चिप्सबरोबर खायचं चीज-पालकाचं डिप स्लो कुकरमध्ये, त्या मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, ठेवलं होतं. पाहुणे यायला तासच उरला, तरी चीज वितळेना. माझा जीव टांगणीला, सारखी झाकण उघडून बघत होते. "आई, झाकण उघडू नका हो! दर वेळी वाफ जाते, मग आणखी वेळ लागतो," सून तिसऱ्यांदा ओरडली. मग मी हात पदरात गुंडाळून बसले. झाकणाच्या काचेवर वाफ धरलेली, आतलं काही दिसेना. तेव्हा जाणवलं, तुलाही मी दर फोनला असंच छेडत राहिले, लग्नाचं काय, लग्नाचं काय. शेवटी तू फोन उचलणंच सोडलंस.

डिप आपसूक मऊ झालं, पाहुण्यांच्या आधी. तू येशील की नाही, ही माझी धाकधूक मात्र थांबेना. या रविवारी जेवायला ये गं. तुझ्या पानाशी मी अगदी गप्प बसेन, खरंच.