मधपेट्यांशेजारची आदरांजली सभा

लिहिण्याचे धाडस करतो आहे, याबद्दल आधी क्षमा मागतो. न्यायालयात लघुलेखक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. साक्षीदार बोलत, वकील बोलत, न्यायाधीश मजकूर सांगत आणि मी तो उतरवून घेत असे. त्या कागदांत माझे स्वतःचे एकही वाक्य नव्हते. असते तर नोकरी राहिली नसती. आता साठी उलटल्यावर स्वतःचे वाक्य लिहायला बसलो, तर ते सुरू कोठून करावे हेच उमगत नाही. म्हणून सवयीने एक गोष्ट नोंदवून ठेवतो. तामलवाडीच्या आमच्या शेतात मधमाश्यांच्या पेट्यांभोवतीचे गवत कापताना कोणाचाही मृत्यू झाला नाही. हे स्पष्ट करावे लागते, कारण गावात याविषयी अजून एकमत नाही.

पेट्या आमच्या मुलीच्या, प्रज्ञाच्या. शेतीचे शिक्षण पुरे करून तिने बांधाच्या कडेला सहा पेट्या मांडल्या होत्या आणि त्यांत सातेरी जातीच्या माश्या आणून वसवल्या होत्या. प्रत्येक पेटी लाकडी घडवंचीवर, आणि घडवंचीचा प्रत्येक पाय पाण्याने भरलेल्या वाटीत. हेतू हा की मुंग्या वर चढू नयेत. परंतु परतीच्या पावसाने गवत असे माजले की त्याची पाती थेट पेट्यांना टेकली आणि मुंग्यांना आयता पूल मिळाला. त्याच आठवड्यात पेट्या एका शेतकऱ्याच्या सूर्यफुलात परागीभवनासाठी नेऊन ठेवायच्या होत्या. प्रज्ञाला मिळालेले ते पहिलेच काम. आणि नेमके तिला प्रशिक्षणासाठी तुळजापूरला मुक्कामी जावे लागले. गवत कापण्याची जबाबदारी तिने माझ्यावर सोपवली.

घरात मला सहसा कोणी काम सांगत नाही. सांगितले की मी "बघतो" म्हणतो आणि खरोखरच नुसता बघत राहतो. त्यामुळे या विश्वासाने मी भारावून गेलो आणि तिच्या सूचना साक्षीदाराच्या जबानीसारख्या लक्षपूर्वक ऐकल्या. यंत्र लावायचे नाही, विळाच घ्यायचा. पहाटे, माश्या आत असतानाच कापायचे. पेटीच्या मागून जायचे, दारासमोर उभे राहायचे नाही. कपडे फिक्या रंगाचे. डोक्याला वासाचे तेल नको. पाय आपटायचे नाहीत, बोलायचे तर मुळीच नाही.

"आणि बाबा, माशी अंगावर बसली तर झटकायचं न्हाय," ती म्हणाली. "हलायचंच न्हाय. सातेरी लई मानी असते. बिथरली की घर सोडून जाते. सगळीच्या सगळी. परत येत न्हाय."

न बोलण्याची अट मला सोपी होती. (माझ्या अबोलपणाविषयी पत्नीचे जे मत आहे, ते येथे देत नाही.) अवघड होती ती मदतीला आलेल्या दोघींना, म्हणजे पत्नी विमल आणि माझी थोरली बहीण अक्का यांना. परंतु प्रज्ञाच्या पेट्यांसाठी दोघींनी तोंडाला पदर बांधला. फिक्या रंगाच्या साड्या दोघींकडे एकेकच निघाल्या, पौर्णिमेला विहारात नेसून जायच्या, पांढऱ्याशुभ्र. मीही पांढरा सदरा, पांढरा लेंगा घातला आणि गळ्यात पांढरा पंचा टाकला. असे तिघे आम्ही विळे घेऊन निघालो.

शेतात धुके दाटले होते. सहा पेट्या त्या धुक्यात बुटक्या माणसांसारख्या ओळीने बसलेल्या दिसत होत्या. जवळ गेल्यावर आतून एक गुणगुण ऐकू येऊ लागली. दाराआड पुष्कळ माणसे दबक्या आवाजात एकाच विषयावर चर्चा करीत आहेत आणि तो विषय आपण आहोत, अशी. खबरदारी म्हणून अक्काने गोवरी पेटवून ठेवली होती. तिचा धूर वर न जाता जमिनीलगत सरपटत होता. कोणी बोलत नव्हते. फक्त विळ्यांची करकर. एकदा मान वर केली, तर कमरेखाली काहीच नसलेली एक पांढरी आकृती माझ्याकडे तरंगत येत होती. मी विळा उगारला. ती अक्का होती. (विळा उगारल्याचे तिने धुक्यामुळे पाहिले नाही. हा मजकूर ती वाचणार नाही अशी आशा आहे.)

पाच पेट्या मोकळ्या झाल्या. सहावीपाशी वाकलो आणि कमरेत उसण भरली.

ज्यांना उसण भरली आहे त्यांना वर्णनाची गरज नाही, आणि ज्यांना भरली नाही त्यांना वर्णन करून उपयोग नाही. ओरडणे शक्य नव्हते. मी हळूहळू गुडघ्यांवर आलो, मग कुशीवर, मग उताणा, आणि पडलो तो नेमका पेटीच्या दाराखाली. विमलने मला उठवण्यासाठी हात दिला, तसा माझा खांदा घडवंचीला लागला आणि आतली गुणगुण एकदम चढली. तिने हात सोडला. तोवर उजाडले होते. पहिल्या माश्या दारात येऊन बाहेर पाहू लागल्या. विमलने माझ्याच गळ्यातला पंचा काढून माझ्या तोंडावर पसरला आणि उसण उतरेपर्यंत वाट पाहायची म्हणून ती माझ्या उशाशी बसली. अक्का पायाशी बसली. तिची दाढ ठणकत होती, म्हणून तिने गालाला हात लावला होता.

पंचा दवाने भिजलेला होता. सकाळी माश्यांना पाणी लागते, हे मला त्या दिवशी कळले. एक आली, मग चार आल्या, मग मोजणे अशक्य झाले. माझ्या नाकावर, पापण्यांवर, ओठांवर, पंच्याच्या एका पदराइतक्या अंतरावर बारीक पावले चालत होती.

या वेळी दूधवाले बाबुराव किटल्या लावलेल्या मोटारसायकलवरून गाडीवाटेने चालले होते. पुढचे मी पाहिले नाही; अक्काने नंतर सांगितले. बाबुरावांनी गाडी थांबवली. धुके, धूर, पांढऱ्या साड्या, आणि गवतात तोंड झाकून पडलेला मी. त्यांनी टोपी काढली आणि दोन्ही हात जोडले. जय भीम केला असे समजून विमलनेही हात जोडले. त्यांनी माझ्याकडे बोट करून मानेनेच विचारले. विमलने सुस्कारा टाकून होकार दिला. उचलायला येऊ का, अशी त्यांनी खूण केली. तिने घाईघाईने हात हलवून नको म्हटले आणि पेट्यांकडे, म्हणजे पर्यायाने प्रज्ञाकडे, बोट दाखवले. बाबुरावांना सगळे समजले. लेक येईपर्यंत हलवायचे नाही. दूध घालता घालता त्यांनी ही बातमीही घरोघर पोचवली.

धुके पातळ होऊ लागले आणि त्यातून माणसे उगवू लागली. पांढरे सदरे, पांढरी लुगडी. बांधावर चपला काढून, माश्यांपासून अंतर राखून, एकेकजण खाली बसला. दुःखाच्या ठिकाणी कोणी काय झाले म्हणून विचारीत नाही. जाऊन गप्प बसायचे असते. मधपेट्यांपाशीही बोलायचे नसते. दोन्ही बाजू आपापला नियम काटेकोरपणे पाळत होत्या. विमलला तर भरूनच आले. नवऱ्याच्या कमरेची गावाला एवढी काळजी असेल, असे तिला कधी वाटले नव्हते. कोणी मोठ्याने बोलू नये म्हणून तिने ओठांवर बोट ठेवले. आवाज न करता रडायचे आहे, एवढे लोकांना कळले.

पंच्याखाली मला केवळ उजेड आणि सावल्या दिसत होत्या. सावल्या वाढत होत्या. बोलत कोणीच नव्हते. माझ्याभोवती इतकी माणसे शांतपणे का बसली आहेत, हे कळेना, आणि विचारावे तर तोंडावर माश्या. तेवढ्यात विहारातल्या गुरुजींनी अत्यंत हळू आवाजात त्रिशरण सुरू केले. आता वंदना कानावर आली की हात जोडले जातात आणि ओठ हलतात. त्याला विचार लागत नाही. विमलने म्हटले. अक्काने म्हटले. खाली मीही ओठांतल्या ओठांत म्हटले. माश्यांची गुणगुण आणि माणसांची वंदना यांत वेगळे काही उरले नाही.

"पंचा हलला का गं?" शेजारच्या कौसामावशींचा आवाज आला.

"वारं आसंल," कोणीतरी म्हणाले.

वारे नव्हते.

मग गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या सर्वांचे कालकथित नाना..."

मला गाव नाना म्हणते. कालकथित हे दिवंगताच्या नावामागे लावतात. हे दोन शब्द मी प्रथमच एकत्र ऐकले आणि सगळे चित्र एकदम स्पष्ट झाले. विमललाही त्याच क्षणी झाले असावे, कारण ती कौसामावशींकडे सरकली आणि तिने कुजबुजून सांगितले, "मावशी, आवं हे जित्ते हायत."

मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "व्हय बाई," त्या म्हणाल्या. "आपल्यासाठी जित्तेच हायत."

विमलने आवाज चढवावा तर माझ्या तोंडावरच्या माश्या उठणार, आणि त्या उठल्या तर प्रज्ञाच्या पेट्या गेल्या. मीही तोच हिशेब मांडून गप्प पडून राहिलो. गुरुजी माझे वाचन, माझा सालसपणा याविषयी बोलत होते. दोन शब्द बोला म्हटले की नाना असा चेहरा करीत, की विचारणाऱ्यानेच त्यांची माफी मागावी, असेही म्हणाले. मी बोटांनी गवतावर ते लघुलिपीत उतरवून घेत होतो. एके ठिकाणी त्यांनी माझे जन्मगाव मुरूम असे सांगितले. ते कळंब आहे. दुरुस्ती सुचवण्याची तीव्र इच्छा झाली. पण भाषण चालू असताना मध्ये बोलणे माझ्याने होत नाही.

नंतर बाबुराव उठले. "नानांवानी माणूस व्हनार न्हाय," ते म्हणाले. "इतकी वर्सं दूध घालतोय म्या त्यांच्याकडं. पातळ झालं तरी कधी बोलले न्हाईत. त्यास्नी कळत नव्हतं आसं न्हाय." त्यांनी हातातली टोपी चुरगळली. "कळत व्हतं."

मला खरोखर कळत नव्हते.

जमिनीला डोके टेकलेले असल्यामुळे ती धाव मला सर्वांच्या आधी ऐकू आली. बाबुरावांनी लगेच निघून ये म्हणून प्रज्ञाला फोन केला होता. ती तुळजापूरहून गाडी हाणत आली होती आणि आता शेतातून पळत येत होती. पेट्यांजवळ पोचताच तिची पावले एकदम मंद झाली. मागच्या बाजूने, दार टाळून, पाय न वाजवता ती माझ्यापाशी आली. इथवर मला मनातून हसू येत होते; ती मंद पावले ऐकून ते थांबले. आता तिने माझा हात हातात घेतला. तिचा हात गार पडला होता.

मी तो दाबला.

तिने माझ्या मनगटावर नाडी चाचपली. "बाबा?" असे अगदी हळू, पंच्याजवळ. मी पुन्हा दाबला. माझ्या मनगटावर कोमट थेंब पडले, एकामागून एक. मग तिने नाक ओढले, आणि तिच्यातली मधपाळ तिच्यातल्या मुलीच्या पुढे आली.

"बाबा, हलू नका," ती कुजबुजली. "पंच्यावर लई माशा हायत. आसंच पडून ऱ्हावा."

मी तसाच मृत राहिलो असतो. मला काही अडचण नव्हती. परंतु गुरुजींनी घड्याळ पाहिले आणि ते म्हणाले, "आता आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळू या."

सगळे उभे राहिले. आता, सबंध नोकरीत न्यायाधीश दालनात आले की सर्वांबरोबर उभा राहिलेला माणूस मी. सर्व उभे असताना आपण आडवे पडून राहावे, हे शरीराला मान्यच होईना. उसण केव्हा सुटली ते कळलेही नाही. मी उठू लागलो. हळू. लेकीने शिकवले होते तितके हळू. आधी कोपर, मग गुडघा, मग पाठ. ओला पंचा तोंडाला चिकटलेला, त्यावर माश्या तशाच चालत असलेल्या. मी उभा राहिलो, हात बाजूला सरळ धरले आणि स्तब्ध झालो.

कोणीही ओरडले नाही, कारण स्तब्धता चालू होती. पुष्कळांनी एकदम श्वास आत घेतल्याचे ऐकू आले. बाहेर सोडल्याचे आले नाही. धूर, उरलेसुरले धुके, पांढऱ्या कपड्यांतली ओळ, आणि त्यांच्यासमोर तोंडावर गुणगुणते कापड घेऊन स्वतःच्या स्मृतीस अभिवादन करीत असलेला मी. गुरुजी शिस्तीचा माणूस. त्यांनी वेळ पूर्ण होऊ दिली.

मग ते म्हणाले, "बसावं." आणि त्यांच्या आवाजावरून असे वाटले की ते विशेषतः मला सांगत आहेत.

मी बसलो नाही. प्रज्ञाने माझा दंड धरून मला पेट्यांपासून पावलापावलाने दूर नेले. ऊन पडल्यावर माश्या पंच्यावरून एकेक करून उडाल्या आणि आपापल्या कामाला गेल्या. एकही पेटी रिकामी झाली नाही. सहाच्या सहा सूर्यफुलात गेल्या. बाबुराव दोन किटल्या तेथेच टाकून गेले होते. त्या त्यांनी माणूस पाठवून नेल्या. कौसामावशी अजूनही मला हाताला स्पर्श करून मगच बोलतात.

"बाबा, तुमी इतकं हळू उठलात, की माशांना कळलंच न्हाय," प्रज्ञा त्या संध्याकाळी म्हणाली. "माणसांनाच तेवढं कळलं."

हे तिने माझे कौतुक म्हणून म्हटले, आणि मी ते तसेच घेतले. गुरुजी मात्र अजून माझ्याशी अवघडून बोलतात. नाना, उठायचेच होते तर योग्य वेळी उठायचे, एवढेच ते परवा म्हणाले. त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. वंदना चालू असताना उठणे शोभले नसते. आपल्याविषयी कोणी चार चांगले शब्द बोलत असता त्याला तोडणे माझ्याच्याने झाले नसते. आणि लेकीने तर पडून राहायलाच सांगितले होते. मी खरोखर जाणून घेऊ इच्छितो : माझ्या जागी तुम्ही असता, तर केव्हा उठला असता?