करडा म्हणजे करडा

वसमतसारख्या हळदीच्या पेठेत राहून हळदीशी वैर धरलेला माणूस जगात एकच असेल आणि तो नेमका माझ्या नात्यात निघाला. माझे थोरले साडू. एस.टी.तून नियंत्रक म्हणून निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनं करतात, नातवंडं खेळवतात. यांनी फोटो छापायचा प्रिंटर आणला. तोही रंगीत फोटोंसाठी नाही. त्यांना हवा होता काळा-पांढरा फोटो आणि त्यातला करडा म्हणजे करडाच. गुलाबीची झाक नको, हिरव्याची नको आणि पिवळ्याचं तर नाव नको.

याचं कारण त्यांच्या वडिलांचा फोटो. वडिलांचा तो एकुलता एक फोटो, बैलजोडीपाशी उभे असलेले, चेहरा हरभऱ्याएवढा. वडील गेले तेव्हा साडू दुसरीत होते आणि धाकटी बहीण पाळण्यात. मागे त्यांनी तो एका स्टुडिओवाल्याला मोठा करायला दिला, तर त्या भल्या माणसाने हौसेने ओठ गुलाबी केले, अंगात निळा कोट चढवला आणि बैलांच्या जागी धबधबा सोडला. "माझ्या बापानं जन्मात कोट घातला न्हाई!" साडू कडाडले. "व्हते तसेच पायजेत मला." आता हे काम कोणाच्या हाती द्यायचं नाही, असा निश्चय करून त्यांनी प्रिंटर घरी आणला.

घरच्या प्रिंटरला साधा करडा रंग जमत नाही, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. नुसत्या काळ्या शाईने छापलं की गालावर तीळ सांडल्यासारखे ठिपके येतात. ठिपके जावेत म्हणून रंगीत शाई मिसळू द्यावी, तर तिच्यातला एखादा रंग डोकं वर काढतोच. बरं, ट्यूबलाइटखाली ठीक वाटलेला फोटो उन्हात नेला की हिरवट दिसतो. म्हणून साडू प्रत्येक प्रिंट आधी ट्यूबखाली धरत, मग खिडकीत, मग अंगणात, आणि बसस्टँडवर गाडी पुकारावी तसा निकाल पुकारत, "गुलाबी! रद्द!" शेजारी दचकत. रद्द झालेले कागद फेकायची मात्र सोय नव्हती. "रद्द झाले तरी सासरेच हायेत माझे," असं म्हणून अक्का, म्हणजे माझी मेहुणी, ते कपाटात साड्यांखाली नीट रचून ठेवायची.

पुढे गुलाबी-हिरव्याची तक्रार मिटली आणि सगळंच पिवळं येऊ लागलं. साडूंनी हळदीला दोषी धरलं. मोंढ्याच्या बाजारातली हळद उडते, ती कागदावर बसते, असा त्यांचा सिद्धांत. खिडक्या बंद झाल्या, प्रिंटरवर दुहेरी चादर आली, हळदीच्या हंगामात पाहुण्यांनी हातपाय धुऊनच आत यायचं, असा नियम झाला. दूधवाल्यालाही त्यांनी विचारलं, "हळद घालून आणून राहिला का रे?" मी एकदा सुचवलं की, चुलीतली चिमूटभर राख शेजारी ठेवून रंग ताडून बघा. ते गंभीरपणे म्हणाले, "राख बी पिवळीच येऊन राहिली आजकाल."

पिवळ्यावर उतारा म्हणून ते निळा वाढवत गेले. शेवटी एका सकाळी "बराबर!" असा पुकारा झाला. आम्ही सगळे धावलो. साडूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात वडील, लख्ख निळे. मी अक्काकडे पाहिलं, अक्काने माझ्याकडे पाहिलं. "लई बेस झाला," अक्का म्हणाली. एक प्रत भिंतीवर लागली, दुसरी पुसेगावला बहिणीकडे गेली.

ते निळे वडील दोन वर्षं भिंतीवर होते. मग साडूंचा एका पायरीचा अंदाज चुकला, गुडघा फुटला आणि डॉक्टरांनी गुडघा बघता बघता डोळेही तपासायला पाठवलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू. नांदेडला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते बराच वेळ एकेक डोळा आळीपाळीने झाकत बसले. "ह्या डोळ्यानं हळद, ह्या डोळ्यानं दूध," एवढंच म्हणाले. घरी येऊन चप्पल न काढता भिंतीपुढे उभे राहिले.

"ह्ये तर निळे हायेत."

"व्हय," अक्का म्हणाली.

"तुला ठावं व्हतं? मंग काहून बोलली न्हाईस?"

"तुमी लई खूश व्हते."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते खाली बसले. आपण बापाला निळं करून टांगलं, हे त्यांना फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नव्या डोळ्याने बघून फोटो छापला. खरोखर करडा, राखेसारखा. तो घेऊन आम्ही पुसेगावला गेलो, निळा उतरवायला.

बहिणीने नवा फोटो हातात घेऊन नीट पाहिला. मग परत दिला. "दादा, चांगला हाय. पर भिंतीवरचा काढू नको."

"अगं, त्यो चुकलाय. निळा हाय."

"असंल. तू बाबाला पायलं व्हतंस. मी बाबाचे डोळे पैल्यांदा पायले ते ह्या मोठ्या फोटूत. रोज बोलते मी ह्याच्यासंग. ह्यो नवा माणूस वळखू येत न्हाई मला."

साडूंनी नवा डोळा तळहाताने झाकला, जुन्याने भिंतीकडे पाहिलं आणि मान हलवली. चहा पिऊन आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत करडा फोटो त्यांच्या मांडीवर होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "भाऊ, बाबांचा खरा रंग कसा होता हो? गोरे होते, की सावळे?"

त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग बाहेर पाहिलं. औंढा आलं, माणसं चढली, उतरली, गाडी सुटली.

"ते न्हाई आठवत," साडू म्हणाले.